लाल काठाची कात्रणं

या आजारपणात मी तीन माणसांना मारलं. पहिली माझी मुलगी, दुसरा माझा नवरा आणि तिसरी दवाखान्यातली आया. हे आधीच सांगून टाकते, कारण क्षयातून उठलेल्या बाईनं काही लिहिलं म्हटलं की वाचणाऱ्याला उशीला टेकून मंद हसणारी, सगळ्यांना क्षमा करणारी बाई हवी असते. तशी एक होती आमच्या वॉर्डात. सगळा वॉर्ड तिला कंटाळला होता.

आमचे पाळकसाहेब म्हणाले, लीलाबाई, लिहा तुम्ही, मंडळीतल्या आणखी दोन घरांत हा आजार शिरलाय, त्यांना धीर येईल. धीर येईल की नाही ते मला माहीत नाही. औषधाचं डॉक्टर सांगतील. डॉक्टर जे सांगत नाहीत आणि घरचे जे बोलत नाहीत, तेवढंच मी सांगणार आहे.

फोटो

एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे आम्ही वाडीला राहत होतो, अमरावती रोडवर, मालाच्या गोदामांच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत. माझा नवरा दानिएल तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होता. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि सात वर्षांची रुथ. मी घरी शिवण करत असे. पोलकी, फ्रॉक, परकर, आणि ट्रकच्या सीटांच्या गाद्यासुद्धा, कारण ड्रायव्हर लोक मापावरून भांडत नाहीत.

खोकला सहा महिने होता. गोदामातल्या बारदान्याची धूळ, असं सगळे म्हणत आणि मीही म्हणे. एका सकाळी मशीनवर बसले असताना खोकल्याची उबळ आली आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर लाल थेंब पडला. मला वाटलं, बोटात सुई गेली. मी बोटं तपासली. दहाच्या दहा शाबूत होती.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि डाव्या बाजूला बोट ठेवलं. त्यांनी जे दाखवलं ते मला कसर लागलेल्या कापडासारखं दिसलं. असं कापड गिऱ्हाइकानं आणलं तर मी परत पाठवत असे. टीबी आहे, ते म्हणाले. वर्ष-दीड वर्ष औषध घ्यावं लागेल, त्यातलं बरंचसं इथं राहून, आणि आठ दिवसांत खाट रिकामी होईल. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाले, तिला लांब ठेवा. एका ताटात जेवायचं नाही, एका पेल्यातून प्यायचं नाही, एका अंथरुणात झोपायचं नाही.

लांब ठेवायचं कसं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आठातला चौथा दिवस

रुथ माझ्या पदराला धरून वाढलेली पोर. मी मशीन चालवायची आणि ती पायडलजवळ बसून कात्रणं जुळवायची. माझ्या ताटातलं उरलेलं तिला गोड लागे. तिला मी समजावलं, दानिएलनं समजावलं, सासूबाईंनी दटावलं. आईला आजार झालाय म्हटल्यावर तिनं काय केलं, तर माझ्या आणखी जवळ आली. आजारी माणसाजवळ बसायचं असतं, हे आम्हीच तिला शिकवलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी तापात माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा रुथ माझ्या पदराखाली होती, तोंडाशी तोंड लावून. मी दचकून उठले. तीही उठली आणि उशाशी ठेवलेला माझा पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला. त्याच पेल्यातून मी तासाभरापूर्वी प्यायले होते.

मी पेला हिसकावून भिंतीवर फेकला. कापड मोजायचा लाकडी गज मशीनला टेकून उभा होता, तो घेतला आणि तिला मारायला लागले.

इथं खोटं लिहायचं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. पहिला फटका भीतीचा होता. दुसरा तिला समजावं म्हणून होता. तिसऱ्यापासून पुढचे रागाचे होते, आणि तो राग तिच्यावरचा नव्हता, पण अंग तिचंच होतं. ती पळू नये म्हणून मी फ्रॉक धरला तर खांद्यापासून बाही टरकन फाटली. पोर उभ्या जागी मुतली. मी ओरडत होते, "जवळ आली तर मारून टाकीन तुले. मले नको तू. समजलं? मले नको."

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि तिला उचलून घेऊन गेल्या. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की मी तो गज स्वतःच्याच डोक्यात घालावा.

उपाय लागू पडला. उरलेले चार दिवस रुथ माझ्या जवळ आली नाही. दवाखान्यात जाताना मी रिक्षात बसले, तेव्हा ती दारामागे होती. मला तिचे फक्त पाय दिसले.

वॉर्ड

दवाखाना गावाबाहेर होता. लांब वऱ्हांडा, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेखाली झाकणाचा पत्र्याचा डबा, थुंकण्यासाठी. सकाळी सहाला ताप, सातला चहा, आठला सुई. सुईची जागा रोज बदलत, तरी महिन्याभरात बसायला जागा उरत नाही. त्या सुईनं कानात शिट्टी वाजायला लागते. माझ्या डाव्या कानात ती अजून वाजते. पिवळ्या पुड्या घेतल्या की पोट ढवळून निघे. त्यांना नावं ठेवा, शिव्या द्या, पण टाकून देऊ नका. आमच्यातली एकजण खिडकीतून टाकायची. ती घरी गेली नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर पार्बताबाई होती, उमरेडच्या विणकर घरातली साठीची बाई. हातमागावर जन्म गेला होता. तिचे हात सारखे काहीतरी चाचपत असायचे. चादर हातात घेऊन ती म्हणे, "हे काय कापड आहे? चाळणी होय." मी तिला मावशी म्हणायला लागले. ती मला पोरी म्हणे आणि बिनदिक्कत माझा चहा पिई.

पोळ्याच्या सुमारास मी भरती झाले होते. पावसाळा सरला तसा मला नाताळ दिसायला लागला.

आमच्या घरात माझ्या आईपासून एक रीत आहे. नाताळची भेट विकत आणायची नाही आणि नव्या कापडाचीही करायची नाही. ज्यांनी कोणी आपल्याला जीव लावला, त्यांच्या अंगावरचं जुनं कापड जपून ठेवायचं आणि त्यातून शिवायची. भेट मिळाली की घेणाऱ्यानं डोळे मिटायचे, एकेका तुकड्यावर बोट फिरवायचं आणि हा कोणाचा ते सांगायचं. ओळखता आला नाही, तर तो ज्याचा असेल त्याची गोष्ट तिथंच ऐकावी लागे. माझ्या आजोबांना मी पाहिलं नाही, पण त्यांच्या धोतराचा तुकडा मला आजही अंधारात ओळखता येईल.

दानिएलला सांगून मी कापडांचं गाठोडं मागवलं. आईचं उमरेडचं हिरवं लुगडं, लाल काठाचं. बाबांचा खाकी कोट. दानिएलचा लग्नातला शर्ट. रुथच्या बाप्तिस्म्याचा पांढरा झबला. यातून मी रुथसाठी एक लहान गोधडी शिवणार होते. मी जवळ घेऊ शकत नव्हते, तर बाकी सगळ्यांनी तिला घ्यावं. आणि मारलं त्याची माफी मला तोंडानं मागता येत नव्हती, शिवता येत होती.

सिस्टरनं परवानगी दिली. कात्री मात्र तिनं बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या पायाला बांधून टाकली. माझा स्वभाव तिला एव्हाना कळला होता.

पार्बताबाईनं लुगड्याचा काठ बोटात धरला आणि डोळे मिटले. "आमच्याकडचा आहे वं. हातचा आहे." मग जरा वेळानं म्हणाली, "बाहेर जाते ते समदं सिस्टर उकळते ना? मंग हा लाल पांढऱ्याजवळ लावू नको. जुना लाल आहे, उकळला का धावते. पह्यले मिठाच्या पान्यात टाक."

"वीस वर्षं धुतलंय मावशी हे लुगडं. आता काय रंग जाणार?"

"धुतलं असंन. उकळलं का कधी?"

उकळलं नव्हतं. आई ते कायम थंड पाण्यात, एकटं धुवायची. पण मी शिवणारी, रोज कापडात हात असणारी, गिऱ्हाइकांना शंभरदा सांगणारी की बाई, कापडाला आधी पाणी मारून आणा. मला आता ही शिकवणार. मी लाल काठाला लागूनच पांढरा झबला लावला. दिसतही सुंदर होतं. पडलेली कात्रणं मी झाडूनं लोटायला निघाले, तर तिनं ओरडून ती वेचली आणि रुमालात बांधून आपल्या उशीखाली ठेवली. विणकराच्या घरात सुताचा तुकडा टाकत नाहीत, म्हणाली.

नाताळच्या तीन दिवस आधी गोधडी झाली. सिस्टरनं ती सोडा घालून उकळली, वाळवली, कागदात बांधली आणि दानिएलच्या हातात दिली. मी ती परत उघडून पाहिली नाही.

डबा

नाताळनंतर दुसऱ्या दिवशी दानिएल भेटायला आला. वऱ्हांड्याच्या पायरीवर उभा राहिला. मी विचारलं, ओळखले का तिनं तुकडे? पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं खाली बघत सांगितलं.

सकाळी उपासनेला जाण्याआधी रुथ नवा फ्रॉक घालून चटईवर बसली होती. डोळे मिटून, दोन्ही हात पुढे करून. सासूबाईंनी कागद सोडला. पांढऱ्या झबल्यावर जागोजागी लाल डाग पसरले होते, कडेला फिके, मध्ये गडद. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला याच आजारानं नेलं होतं आणि तिच्या उशीवर त्यांनी ते डाग पाहिले होते. त्या किंचाळल्या. चिमट्यानं गोधडी उचलून अंगणात नेली, घासलेट ओतलं आणि काडी लावली. कोणाला पुढे होऊ दिलं नाही.

"रुथ?" मी विचारलं.

"डोळे मिटूनच बसली होती. वास आला तेव्हा उघडले."

"काय म्हणाली?"

"म्हणे, आईनं पाठवलं होतं ते जाळून राहिले का?"

माझी आई जळाली, बाप जळाला. पण माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते पुढे केलेले दोन हात आले. मी वाकले, खाटेखालचा डबा उचलला आणि दानिएलच्या तोंडावर फेकला. भरलेला. डब्याची कड त्याच्या कपाळाला लागली, रक्त निघालं, आणि बाकीचं शर्टावर ओघळलं. मी त्याला आणि त्याच्या आईला जे बोलले, ते पाळकसाहेब हे वाचणार आहेत म्हणून लिहीत नाही. कात्री ओढायला गेले, तर ती बांधलेली होती. सिस्टरचे उपकार.

"मी नाही जाळलं, लीला," एवढंच तो म्हणाला. नळावर गेला, शर्ट काढून धुतला आणि ओला शर्ट अंगात घालून गेला. डिसेंबरात.

त्याच संध्याकाळी मला रक्ताची उलटी झाली आणि महिनाभर मी परत पहिल्या पायरीवर येऊन पडले. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एक सांगते. रोग्याला राग येणारच. तो छातीत कोंडला तर बरा नाही आणि फेकला तर तोही बरा नाही. फेकायचाच असेल तर डबा रिकामा बघून फेका.

पुढच्या रविवारी दानिएल आला. कपाळाला पट्टी होती. पायरीवर नाही, माझ्या खाटेजवळ आला आणि पिशवीतून संत्री काढून ठेवली. मला वाटलं होतं, तो येणार नाही. त्यानं एक संत्रं सोलून माझ्या हातात दिलं.

पार्बताबाई हे सगळं बघत होती. मी सांगितलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. काही दिवसांनी तिनं उशीखालचा रुमाल सोडला, बांधलेल्या कात्रीपर्यंत वाकली आणि आपल्या लुगड्याच्या पदराची एक पट्टी कापून त्या कात्रणांत टाकली.

"माझं बी असू दे. पोरीले सांगजो, एक बुढी होती."

आया

एप्रिलमध्ये सकाळी चहाची बादली वॉर्डात येत असताना पार्बताबाई उठून बसली. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होती. तोंडातून शब्दाऐवजी रक्त आलं, आणि ते थांबलंच नाही. मी तिचं डोकं धरलं. माझ्या हातांवर, पदरावर, जमिनीवर, चहाच्या बादलीवर. एवढं रक्त त्या वाळक्या देहात कुठं होतं, देव जाणे. चहा वाटून होण्याआधी ती गेली होती. त्या दिवशी आम्ही कोणीच चहा घेतला नाही, पण दुसऱ्या दिवशी घेतला. वॉर्डात तसंच असतं.

दुपारी आया खाट झाडायला आली. गादी, उशी, सगळं जाळायचं असा नियम. तिनं उशी उचलली आणि खालचा रुमाल त्या ढिगात टाकला.

"तो दे," मी म्हटलं.

"जाळायचा आहे, बाई."

"माझा आहे. दे."

"सिस्टर मले बोलतीन." ती ढीग उचलून निघाली.

मी खाटेवरून उतरले आणि तिच्या झिंज्या धरल्या. ती माझ्या दुप्पट होती. तिनं मला ढकललं, मी तिला घेऊन पडले. रुमाल तिच्या मुठीत होता, म्हणून मी मुठीला चावले. "पागल झाली का वं?" ती ओरडत होती, आणि तिचं बरोबर होतं. सिस्टरनं दोन्ही हातांनी आम्हाला सोडवलं. आयाच्या बोटातून रक्त येत होतं. माझ्या मुठीत रुमाल होता.

सिस्टरनं मला शिक्षा म्हणून आठ दिवस वऱ्हांड्याच्या टोकाची उन्हातली खाट दिली. आणि रुमाल जाळला नाही. म्हणाली, तूच उकळ, माझ्यासमोर. मी उकळला. लाल वेगळं, हिरवं वेगळं, पांढरं वेगळं, मिठाच्या पाण्यात, चार-चार वेळा, पाणी नितळ येईपर्यंत. पहिल्या पाण्यातून लाल असं सुटलं की माझे हात रंगले. सकाळपासून दुसऱ्यांदा.

आयाची मी नंतर माफी मागितली. तिनं ती दिली नाही. हात दाखवून म्हणाली, "चावरी."

हात वर केला की

चौदा महिन्यांनी, दसऱ्याच्या सुमारास, डॉक्टरांनी नवा फोटो खिडकीशी धरला. थुंकी तीनदा तपासून झाली होती. ते म्हणाले, औषध चालू ठेवा, पण आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही. मुलीला जवळ घ्या.

घरी गेले, तेव्हा रुथ चार बोटं वाढली होती. नमस्कार केला, "कशी आहेस?" म्हणाली, शाळेत शिकवल्यासारखं. मग भिंतीला जाऊन टेकली. त्यानंतर तिनं माझ्यात आणि तिच्यात कायम एका गजाचं अंतर ठेवलं. मी खोलीत आले की ती दाराकडे सरके. मी खाटेवर बसले की ती खाली बसे. एकदा फळीवरचं पातेलं काढायला मी हात वर केला, तर तिनं झटकन दोन्ही हात डोक्यावर धरले आणि डोळे मिटले. मी पातेलं तसंच ठेवून मोरीत गेले आणि खूप रडले. आजारानं मला मारलं नाही, पण जे वाचवायचं होतं ते मीच मारून बसले, असं मला वाटलं.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. वर्षभरात त्या वाकल्या होत्या. त्या दिवशीपर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

"मले वाटलं, रक्त होय वं," त्या म्हणाल्या. "माह्या बहिणीचं तसंच होतं. मी घाबरली होती. आतातरी बोल माह्याशी."

मी बोलले नाही. पण तोंड धुवायला त्यांनी पाणी ओतलं, ते घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी मशीनचं झाकण काढलं. आमच्या घरी ज्याचं जे फाटेल ते त्यानं मशीनच्या खणात टाकायचं, आणि मी सवडीनं शिवायचं. खण उघडला, तर वर दानिएलचा सदरा, सासूबाईंची चोळी, आणि सगळ्यांत खाली नीट घडी घातलेला रुथचा तो फ्रॉक. खांद्यापासून बाही लोंबत होती. मी दानिएलला विचारलं, हा इथं कोणी ठेवला?

"तिनंच. तू गेली त्याच दिवशी. माही आई शिवून देत होती, तर तिले शिवू नाही दिला. म्हणे, आई येईन, मंग शिवंन."

तो आता तिच्या अंगात जाणार नव्हता. मी खण लावला, परत उघडला, आणि कात्री घेतली.

चटई

कात्रणं बोटाएवढी होती. त्यांतून गोधडी होणं शक्य नव्हतं. मी शाळेची पिशवी शिवली. पुढच्या बाजूला सगळ्यांचे बारीक तुकडे जोडले, लाल काठ पांढऱ्यापासून लांब. मागची बाजू पूर्ण त्या फ्रॉकची. फाटलेली बाही मी लपवली असती तर कोणाला कळलं नसतं, एवढं काम मला येतं. पण मी ती जाड दोऱ्यानं, उघड टाक्यांनी सांधली. बोटाला लागायलाच हवी होती.

नाताळच्या सकाळी चहा झाल्यावर मी पिशवी चटईवर ठेवली. रुथनं एकदा आजीकडे पाहिलं. सासूबाईंनी मान खाली घातली. मग ती बसली आणि डोळे मिटले. हात मात्र तिनं पुढे केले नाहीत. मी पिशवी तिच्या मांडीवर सरकवली आणि मागे झाले.

"हा आजीचा. लुगड्यावाल्या आजीचा," ती बोट फिरवत म्हणाली. "हा पप्पाचा. हा कोट." बोट पुढं गेलं. "हा माझा, पाण्याच्या देवळातला." बाप्तिस्म्याला ती असंच म्हणायची. मग तिनं पिशवी उलटी केली. बोट त्या टाक्यांवर आलं आणि थांबलं.

"हा पण माझा," ती डोळे न उघडता म्हणाली. "हा तू फाडला होता."

"हो."

"काहून?"

तिथं सासूबाई होत्या, दानिएल होता. मी कोणाकडे पाहिलं नाही. "माह्या तोंडातून तुले आजार लागला असता. तू दूर जाऊन नव्हती राहिली. मले दुसरं काही सुचलं नाही."

"सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. तू आयकलं का?"

तिनं विचार केला. खोटं बोलणारी पोर नाही. "नाही," ती म्हणाली. "पण तू म्हणे, मले नको तू."

"ते खोटं होतं."

तिनं डोळे उघडले. उठली, मशीनजवळ गेली, आणि तो लाकडी गज घेऊन आली. सासूबाई खाटेवरून उठल्या, "काय करून राहिली वं पोरी?" दानिएलनं त्यांचा हात धरला. रुथ माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं माझ्या दंडावर गज मारला. मग खांद्यावर. पहिले दोन घाबरत मारलेले होते. तिसरा रागाचा होता. तो मला ओळखू आला. चौथ्याला दातओठ खात तिनं दोन्ही हातांनी मारला, आणि माझ्या तोंडून हाय निघालं. मी हात वर केला नाही, सरकलेही नाही. देवाची शपथ, मला बरं वाटत होतं.

ती धापा टाकत उभी राहिली. नाक पुसलं. गज नेऊन जिथल्या तिथं टेकवला. परत येऊन चटईवर बसली, आधीपेक्षा जवळ, पिशवी सुलटी केली आणि डोळे मिटून कोपऱ्यातल्या शेवटच्या पट्टीवर बोट ठेवलं. खूप वेळ चाचपलं.

"हा ओळखू नाही येत."

"नाहीच येणार. ती एक बुढी होती. पार्बताबाई."

"मंग गोष्ट सांग."

मी सांगायला लागले. उमरेडपासून, हातमागापासून, माझा चहा ती कशी प्यायची तिथपासून. आयाला चावले ते सांगितलं, तेव्हा रुथ हसली, आणि सोळा महिन्यांनी मी ते हसणं ऐकलं. बोलता बोलता मला खोकला आला. साधाच होता. मी जवळच्या पेल्यातलं घोटभर पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला.

रुथनं तो उचलला. माझ्या डोळ्यांत बघत तिनं पेला तोंडाला लावला. सासूबाईंनी श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं. मी हात मांडीवरच ठेवले. रुथनं घोटाघोटानं सगळं पाणी संपवलं, पेला माझ्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, "मंग?"